बुंधा दिसेल असा फोटो टाका

हे वाक्य अकरा वर्षांत मी
किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे.
वरून काढू नका फोटो,
वरून सगळ्याच अळंब्या देखण्या.
बोटाने माती उकरा, बुंधा दाखवा,
मुळाशी वाटी आहे का, ते बघू द्या आम्हाला.

आम्ही तिघं मॉडरेटर.
मी उर्वे, वोरूच्या औषधांच्या दुकानातून निवृत्त.
काउपो, पार्नूच्या बंदरात रात्रपाळीला.
आणि नार्वाची गालिना, जी एस्टोनियन लिहिताना चुकते
आणि अळंबी ओळखताना कधीच नाही.

सप्टेंबरात जंगल पिकतं,
अख्खा देश टोपली घेऊन पाइनखाली वाकतो,
आणि रात्री दोन वाजता कुणीतरी विचारतं:
कढईत टाकलंय, खाऊ का?

हेन्नो म्हणायचा, भाज, लष्कराच्या भाकऱ्या भाज.
म्हणायचा आणि माझी कॉफी आणून ठेवायचा.
तो गेला त्या रात्रीही मी दोन फोटो तपासले.
हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

गालिनाच्या मुलाने एक घंटी करून दिली होती.
कुणी ‘खाल्लं’ असं लिहिलं
की तिघांचे फोन एकदम वाजायचे.
मे महिन्यात कंपनीने घंटी तोडली.
बाहेरच्या वस्तूंना आता भाडं पडेल, म्हणाले.
भाड्याचा आकडा ऐकून काउपो हसला.
त्याची बोट विकूनही तीन महिने निघाले नसते.

पत्र लिहिलं. उत्तर आलं:
तुम्ही आमच्या परिवाराचा कणा आहात.
माझ्या कण्यात दोन स्क्रू आहेत,
कण्याला काय काय सोसावं लागतं, थोडंफार कळतं मला.
दुसरं पत्र लिहिलं. उत्तर तेच,
फक्त या वेळी मी ‘प्रिय उर्वा’.

ऑगस्टच्या अखेरीस आम्ही कुलूप लावलं.
घंटी परत मिळेपर्यंत बंद.
चौथ्या दिवशी फर्मान:
अठ्ठेचाळीस तासांत उघडा,
नाहीतर जागा दुसऱ्या उत्साही स्वयंसेवकांना देऊ.
जागा!
जशी काही गादीवर लोळत होतो आम्ही.

पाचव्या रात्री मागच्या दाराने यावा
तसा माझ्या नावाने एक निरोप आला.
वाल्गाचा कुणी रास्मुस. आई बाहेरगावी आहे,
हे शॅम्पिन्यॉनच ना?
फोटो वरून काढलेला.
पांढरी टोपी, आत्ताच धुऊन वाळत घातल्यासारखी.

ठरलं होतं, कुणालाही उत्तर द्यायचं नाही.
मीच ठरवून घेतलं होतं,
टेबलावर हात आपटून.
काउपोला विचारलं नाही. गालिनाला तर नाहीच.
लिहिलं: बुंधा दाखव.
सात मिनिटं काही नाही.
फ्रिज घरघरत होता.
मग फोटो आला, नखांत माती, मुळाशी वाटी.

टाक, म्हटलं. कढईसकट टाक.
चाखली तर नाहीस?
नाही.
नक्की?
नक्की. आता रडू येतंय.
ये म्हटलं, आधी हात धू.

सकाळी कंपनीचं पत्र:
आपल्या खात्यावर हालचाल दिसली.
कामावर परतल्याबद्दल आभार!
आणि कुलूप त्यांनीच उघडलेलं.

गालिना दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी विचारलं, पोरगा बरा आहे?
बरा आहे.
मग तू बरोबर केलंस, ती म्हणाली,
आणि मी अजून रागावलेली आहे.

आता आमच्या जागी कुणी एक आलाय,
नाव नाही, हसरा चेहरा आहे.
काल एका पांढऱ्या टोपीखाली त्याने लिहिलं:
वा, काय प्रकाश पकडलाय!

मी शिसपेन्सिलीने वीस कागद केले.
अळंबी दाखवायची असेल तर या नंबरवर,
रात्रीसुद्धा.
खाली कात्रीने पट्ट्या पाडल्या, बसथांब्यांवर चिकटवले.
आज दुधाला जाताना बघितलं,
एका कागदाच्या दोन पट्ट्या कुणीतरी फाडून नेल्यात.
तिसरी अर्धी फाटून
वाऱ्यावर हलते आहे.